मूळ चाकं माळ्यावर आहेत का?

वर्ध्यातली सगळ्यांत प्रसिद्ध मॉडिफाय केलेली गाडी म्हणजे जमनालाल बजाजांची फोर्ड. 1936 साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला गेले. वर्ध्याहून हे गाव सातआठ किलोमीटर. त्या ये-जा करण्यासाठी जमनालालजींच्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले गेले आणि त्या वाहनाचं नाव पडलं 'ऑक्स-फोर्ड'. ऑक्स म्हणजे बैल, बैलांची फोर्ड. ही गोष्ट वर्ध्यात अजून सांगतात. ती ऐकली की दर वेळी माझ्या मनात एक व्यवहारी प्रश्न येतो: ही गाडी विकायला काढली असती, तर कोणी किती दिले असते?

मोटार घेणारा म्हणाला असता, मला बैल नकोत, इंजिन दाखवा. बैलगाडी घेणारा म्हणाला असता, एवढं लोखंड माझ्या जोडीला ओढवणार नाही. ज्याच्यासाठी ती गाडी तशी झाली त्याच्या कामाला ती चपखल होती, आणि बाकी साऱ्या जगाला अडचणीची. मॉडिफाय केलेल्या प्रत्येक गाडीचं हेच असतं. मालकाने ती आपल्या मापाने शिवलेली असते. विकताना दुसऱ्या मापाचा माणूस समोर येतो.

आता आजच्या पिपरी मेघेत या. वर्धा शहराला खेटून वाढलेली ही वस्ती. समजा, इथल्या एका घरापुढच्या शेडमध्ये 2017 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय उभी आहे. एमएच 32 पासिंग, म्हणजे वर्ध्याची. मालक तिशीतला. नोकरीसाठी परगावी निघालाय, घरात आईवडिलांना चालवायला ही गाडी नको, म्हणून विकायची. प्रकरणभर आपण हीच गाडी धरून चालू.

पोलोला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, असा प्रश्न कोणी विचारेल. दोन दारांची, जमिनीला टेकलेली खरी स्पोर्ट्स कार आपल्या गल्लीतल्या गतिरोधकावरच अडकेल. आपल्याकडे तसे प्रयत्न झाले. गोव्यात सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी बनली. पुढे डीसी या कंपनीची अवंती आली, 2012 च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात लोकांनी तिच्यापुढे गर्दी केली. दोघींच्याही पोटात इंजिन रेनॉचं होतं. अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे वेगाची हौस असलेल्या मराठी पोराने ती छोट्या, दणकट हॅचबॅकवर भागवली. चाकणला बनलेली पोलो त्यातली लाडकी. 2010 ला आली, 2022 ला बंद झाली. जीटी टीएसआयचं 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन 105 अश्वशक्तीचं, त्याला सात गिअरचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. बंद पडलेल्या आणि आवडत्या मॉडेलला जुन्या बाजारात मागणी टिकून राहते, ही आपल्या मालकाची जमेची बाजू.

त्याने गाडीला काय काय केलंय? इंजिनाच्या संगणकाचा रिमॅप, मोठ्या तोंडाचा सायलेन्सर, रुंद मॅगव्हील आणि त्यावर नवे टायर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, आणि वरून मॅट राखाडी रंगाचा रॅप. त्याच्या डोक्यातला हिशोब सरळ आहे: गाडीचे पाच लाख येतात असं धरू, वर मी दोन लाख चाळीस हजार घातलेत, थोडं कमी करून सात लाख सांगतो.

सात लाखांना ही गाडी जाणार नाही. का जाणार नाही हे त्याला पटवणं हे या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम आहे. त्याने खर्च केलेला रुपया खोटा नाही आणि त्यामागची माया तर मुळीच खोटी नाही.

गिऱ्हाईक काय पाहतं ते त्याच्या जागी उभं राहून बघा. वाढवलेली ताकद दिसली की त्याला पहिल्यांदा झीज दिसते. रिमॅप म्हणजे काय, तर टर्बोने किती दाबाने हवा ढकलायची, पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, याचे कंपनीने घातलेले आकडे बदलणं. एक तार जोडून अर्ध्या तासात काम होतं, आणि गाडी खरोखर वेगळी पळते. पण कंपनीने ते आकडे राखून ठेवलेले असतात ते आपल्या 45 अंशांच्या मे महिन्यासाठी, भेसळीच्या पेट्रोलसाठी, वेळेवर न बदललेल्या ऑइलसाठी. ती राखण काढून घेतली की भार गिअरबॉक्सवर येतो. या पोलोचा सात गिअरचा डबा कोरड्या क्लचचा आहे, आणि तो जास्तीत जास्त 250 न्यूटन-मीटर पिळासाठी बनवलेला आहे. कंपनीच्या इंजिनाचा पीळ 175. मधली जागा भरपूर दिसते, रिमॅप ती बरीचशी खाऊन टाकतो.

जाणता गिऱ्हाईक हे तोंडी विचारत बसत नाही. तो भर दुपारी येतो. गाडी वीस मिनिटं फिरवून गरम करतो, मग आर्वी नाक्याकडच्या गर्दीत नेऊन तिला रांगायला लावतो: ब्रेकवरून पाय अलगद उचलायचा, अॅक्सिलरेटरला हात नाही म्हणजे पाय नाही, गाडी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना काय करते ते कानांनी आणि बुडाखालच्या सीटने ऐकायचं. तिथे थरथर जाणवली की मनातल्या मनात तो क्लचचा खर्च वजा करतो, आणि तोंडाने म्हणतो, "भाऊ, गाडी एक नंबर आहे, पण फायनल सांगा न." त्याची कपात होऊन गेलेली असते, आपल्याला कळतही नाही.

दुसरी गोष्ट, बदल हा चारित्र्याचा दाखला समजला जातो. रुंद चाकं आणि गरजणारा सायलेन्सर पाहिला की पाहणारा धरून चालतो की ही गाडी जोरात हाणलेली आहे. तुम्ही ती हळुवार चालवली असेल, दर दहा हजारांना ऑइल बदललं असेल. पण ते बिलांवरून सिद्ध करावं लागतं. कंपनीतून आली तशीच राहिलेली गाडी न सांगता चांगली ठरते. मॉडिफाय गाडीला आपला चांगुलपणा कागदांनी मांडावा लागतो.

म्हणून माझा नियम एकच आहे आणि तो मी गाडी घेणाऱ्या प्रत्येक पोराला, पहिला पाना फिरवायच्या आधी सांगतो. बदल परत काढता येतो का? काढलेला मूळ भाग घरात आहे का? बाजार तुमच्या बदलाला पैसे देत नाही. तो बदल पुसता येण्याला पैसे देतो.

हा हिशोब आपल्या पोलोवर करून बघू. आकडे सगळे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला. रिमॅप 35 हजार, सायलेन्सर 40, चाकं-टायर 90, स्प्रिंगा 30, रॅप 45. झाले दोन लाख चाळीस. गाडी आहे तशी विकायला काढली तर गावातला गिऱ्हाईक बिनबदलाच्या पाच लाखांतूनही पन्नास हजार खाली मागतो, कारण त्याला हे सगळं पूर्ववत करून घ्यायचंय आणि वर धास्ती आहे. दुसरी वाट अशी: मूळ चाकं माळ्यावरून काढायची, मूळ स्प्रिंगा बसवायच्या, संगणकात कंपनीचे आकडे परत भरायचे, रॅप सोलून काढायचा. रॅपखाली सहा-सात वर्षं झाकलेला मूळ रंग उन्हापासून वाचलेला असतो, तो पाहून गिऱ्हाईक खूश होतो. अख्ख्या मॉडिफिकेशनमध्ये गाडीचं भलं करणारं हे एवढंच. मॅगव्हील-टायर वेगळे विकले, समजा 45 हजार आले. स्प्रिंगांचे 15. मिस्त्रीची मजुरी 12 हजार गेली. निव्वळ 48 हजार हातात, आणि गाडीला पूर्ण पाच लाख. आहे तशी विकण्यात साडेचार, या वाटेने पाच लाख अठ्ठेचाळीस. जवळजवळ लाखाचा फरक, आणि तो सगळा माळ्यावरच्या चार चाकांमुळे आणि एका खोक्यात जपलेल्या स्प्रिंगांमुळे.

मूळ चाकं जर तेव्हाच एक्स्चेंजमध्ये दुकानदाराला देऊन टाकली असतील, तर आता जुन्या बाजारात तसा संच शोधा. पैसे लागतील, तरी बहुतेक वेळा परवडतं. सायलेन्सर मात्र मी हिशोबात धरला नाही. तो विकायलाही सांगणार नाही. तो दुसऱ्याच्या गाडीला लागून कुठल्यातरी दवाखान्यासमोरून गर्जत जाणार. भंगारात द्या.

सगळे बदल काढायचे का? नाही. नवे, नेमक्या मापाचे टायर राहू द्या. चांगली म्युझिक सिस्टीम, मागचा कॅमेरा, खालचं गंजरोधक कोटिंग राहू द्या. हे कोणालाही चालतं. यांचे पैसे फार येत नाहीत, पण यांच्यामुळे दोन सारख्या गाड्यांमधली तुमची आधी विकली जाते.

आणि एक गिऱ्हाईक असा असतो, ज्याला गाडी बदलांसकटच हवी असते. तो हौशी असतो, प्रत्येक भागाची कंपनी ओळखतो, बिलं मागतो, काम कोणत्या मिस्त्रीने केलं ते विचारतो. त्याच्याकडून बिनबदलाच्या गाडीपेक्षा जास्त पैसे मिळू शकतात. पण तो वर्ध्यात दहा जणांत एक नाही. तो नागपुरात भेटेल, पुण्यात जास्त भेटेल, बंगळूरला आणखी. त्याची वाट पाहायला महिने लागतात, आणि तोवर गाडी शेडमध्ये उभी राहून बॅटरी उतरते, टायर चपटे होतात, विम्याची तारीख येते. ज्याला नोकरीसाठी पंधरा दिवसांत निघायचंय त्याने त्याच्या नादी लागू नये. बंगळूरच्या गिऱ्हाइकाचं आणखी एक लक्षात ठेवा: गाडी कर्नाटकात नेऊन तिथे नोंदवायची तर त्याला तिथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. ती रक्कम तो तुमच्या किमतीतून कापूनच बोलतो.

हा सगळा बाजाराचा हिशोब झाला. त्यावर कायद्याचा हिशोब आहे, आणि तो जास्त कडक आहे.

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचं 52 वं कलम सांगतं की आरसीवरच्या नोंदी आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. केरळातल्या एका खटल्यात 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात 182-अ हे कलम आलं. मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे दोन शब्द पुन्हा वाचा. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडणाऱ्या गाडीला 190 व्या कलमाखाली 10,000 पर्यंत दंड होऊ शकतो.

आरसी बुक हातात घेऊन बसा आणि एकेक रकाना गाडीशी ताडून पाहा. रंग, इंधन, आसनं, इंजिनाची क्षमता, बांधणीचा प्रकार, चासी नंबर, इंजिन नंबर. आरसीवर 'पांढरा' लिहिलंय आणि गाडी मॅट राखाडी आहे, म्हणजे फरक पडला. सीएनजीचं मान्यताप्राप्त किट बसवून आरटीओत नोंद करून घेतलं असेल तर तो बदल कायदेशीर. मनाने बसवलं आणि नोंद नाही, तर अपघातानंतर विमा कंपनीही विचारेल. काचांच्या काळ्या फिल्मचं तसंच. आपल्या विदर्भाच्या उन्हात फिल्म चैनीपेक्षा गरजेची वाटते, हे मला मान्य आहे. पण 2012 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली, आणि पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यावा असा नियम आहे. विकण्यापूर्वी काळी फिल्म सोलून टाका. तिचं चलान नव्या मालकाच्या नावावर गेलं तरी शिव्या तुम्हालाच पडतात.

ई-चलानवरून आठवलं. गाडी दाखवायच्या आधी परिवहनच्या पोर्टलवर आपला नंबर टाकून किती चलानं बाकी आहेत ते पाहा. गिऱ्हाईक अंगणात उभ्या-उभ्या मोबाइलवर तेच पाहतो. तीन जुनी चलानं निघाली, की ती वेगाची असोत वा सीट बेल्टची, किमतीची चर्चा तुमच्या हातून निसटते. आणि 2019 च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला ती नवी, खिळे ठोकलेली सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्या. आपली पोलो 2017 ची. ती पाटी नसेल तर आरटीओत मालकी बदलाचं काम पुढे सरकत नाही.

आता एक गोष्ट जवळून दाखवतो. जुनी गाडी पाहायला गेलात, किंवा कोणी तुमची पाहायला आला, तर बॉनेट उघडल्यावर नजर आधी इंजिनाकडे जाते. ती वळवा. बॉनेट जिथे बिजागरीला अडकतं तिथले बोल्ट पाहा. कारखान्यात ते गाडीसोबतच रंगतात, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावर गाडीचाच रंग अखंड असतो. कोपऱ्यांवरचा रंग उडून लोखंड चमकत असेल, तर त्यावर पाना चढलेला आहे. बॉनेट कधीतरी काढलं गेलंय. मग शेजारच्या मडगार्डचे बोल्ट पाहा. तेही तसेच असतील तर पुढून ठोकलेली गाडी असू शकते. मग पत्र्यावरून बोटांची उलटी बाजू फिरवा. जिथे लांबी भरलीय तिथे ठोकल्यावर आवाज बसका येतो. आणि शेवटी पत्र्यात ठोकलेला चासी नंबर शोधा, त्यावरची धूळ कापडाने पुसा, आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचत आरसीशी जुळवा. मोठ्याने, कारण डोळे मनातलं वाचतात. 17 अक्षरं-आकडे असतात. या कामाला दोन मिनिटं लागतात.

ही दोन मिनिटं कशासाठी, ते महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने दाखवलंय. ज्या अवंतीचा वर उल्लेख केला, त्याच गाड्यांबाबत डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी गुन्हा दाखल केला. एकाच इंजिन आणि चासी क्रमांकावर एकाहून जास्त गाड्यांची नोंदणी झाली, असा पोलिसांचा आरोप होता. आरोपाचं काय व्हायचं ते न्यायालय पाहील. पण लाखोंची दुर्मिळ गाडी असो की वर्ध्यातली जुनी पोलो, पत्र्यावरचा नंबर स्वतः वाचल्याशिवाय बयाणा देऊ नये.

किंमत ठरवताना लोक विम्याच्या कागदावरचा आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दाखवतात. त्याची गंमत समजून घ्या. हा आकडा ठरलेल्या घसाऱ्याने काढतात: वर्ष भरेपर्यंत 15 टक्के, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50 टक्के. पाच वर्षांपुढे मालक आणि कंपनीने आपसात ठरवायचा. म्हणजे आपल्या पोलोवरचा आयडीव्ही हा बाजारभावाचा पुरावा मुळीच नाही. शिवाय बदल विमा कंपनीला कळवून जादा हप्ता भरला नसेल, तर त्या भागांची किंमत त्यात धरलेलीच नसते. जुन्या गाड्या विकणाऱ्या पोर्टलवर लोकांनी सांगितलेल्या किमतीही धरू नका. त्या मागितलेल्या किमती असतात, मिळालेल्या नाहीत. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या पाचसहा जाहिराती लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी परत पाहा. ज्या अजून तिथेच आहेत त्यांचा भाव चुकलेला आहे. ज्या गेल्या त्यांच्या आसपास तुमची किंमत.

वेळही पाहा. पितृपक्षात आपल्याकडे सहसा कोणी गाडी घेत नाही, आणि त्या पंधरवड्यात फोन आलाच तर तो पाडून मागणाऱ्याचा येतो. दसऱ्याच्या आधी गाडी धुऊन, कागद लावून तयार ठेवा. दिवाळीनंतर सोयाबीन आणि कापसाचा पैसा जिल्ह्यात फिरू लागतो. तेव्हा ट्रॅक्टर आणि बोलेरोचा बाजार तापतो. पोलोच्या गिऱ्हाइकाला त्याचा थेट उपयोग कमी, तो पगारदार असतो आणि तो दिवाळीच्या बोनसवर हिशोब करतो.

नाव असलेल्या माणसाची गाडी मात्र या सगळ्या गणिताबाहेर जाते. सचिन तेंडुलकरने 2002 मध्ये ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हातून. आयात शुल्क माफीवरून देशात वाद झाला, अखेर ते शुल्क फियाटने भरलं. 2011 मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. तोवर ती नऊ वर्षांची जुनी गाडी होती. पण तिचा पहिला मालक कोण, ती कशी आली, कोणी तिचं शुल्क भरलं, हे सगळं देशाला पाठ होतं. इतिहास माहीत असणं हीच तिची किंमत. तुमच्या-माझ्या गाडीला तसलं नाव नाही, पण इतिहास लिहून ठेवता येतो: प्रत्येक सर्व्हिसचं बिल, प्रत्येक बदलाचं बिल, कधी लावला, कधी काढला, त्या दिवशीचे किलोमीटर. एक साधी शंभर पानी वही. मी अशी वही पाहून गिऱ्हाइकाने घासाघीस सोडून दिलेली पाहिली आहे.

बदल काढून टाकले तरी ते लपवू नका. रिमॅप पुसला तरी तसं काम झाल्याची खूण संगणकात राहू शकते, आणि जाणता मिस्त्री ती वाचतो. "रिमॅप होता, अमुक महिन्यात काढला, हे त्याचं बिल" असं आपण होऊन सांगितलेलं दहा हजारांनी महाग पडेल. गिऱ्हाइकाने शोधून काढलेलं पन्नास हजारांनी.

टेस्ट ड्राइव्हला आधी लायसन्स पाहा, त्याचा फोटो काढा, आणि चावी देताना शेजारी स्वतः बसा. "समृद्धीवर एक चक्कर मारून आणतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. समृद्धी महामार्गावर 120 ची मर्यादा असली, तरी तो मार्ग तुमच्या गाडीची परीक्षा घ्यायला नाही, आणि त्या चकरेत काही झालं तर आरसीवर नाव तुमचं.

आरसीवरच्या त्या नावावरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला एक खटला प्रत्येक विकणाऱ्याने ऐकावा. एका माणसाने गाडी विकली. ती पुढे एकापाठोपाठ अनेक हातांतून गेली. 2009 मध्ये तिने अपघात केला, त्यात जीव गेला. आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचं राहिलं होतं, कोणीही ते बदललं नव्हतं. 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. गाडी त्याच्या दारातून जाऊन तेव्हा वर्षं उलटली होती.

त्यामुळे फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून "बाकी तुम्ही बघून घ्या" म्हणणं बंद करा. कोऱ्या फॉर्मवर सही तर कधीच नाही. गाव-मोहल्ल्यात एजंटाच्या विश्वासावर आपण ती सर्रास करतो. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवून घ्या. गाडी परराज्यात जात असेल तर फॉर्म 28 ची एनओसी. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, मिनिटासकट, आणि मीटरवरचे किलोमीटर लिहा. सकाळी अकराला गाडी गेली आणि दुपारी तीनला सेलूजवळ काही घडलं, तर मधले चार तास कोणाचे होते ते त्या ओळीवर ठरतं. विम्याचा नो क्लेम बोनस तुमचा आहे, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालतं. नव्या मालकानेही विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करायला हवा, हे त्याला समोर बसवून सांगा.

काचेवरचा फास्टॅग स्वतः खरवडून काढा आणि बँकेतून बंद करा. तो तसाच राहिला तर नवा मालक समृद्धीवरून शिर्डीला गेला तरी टोल तुमच्या खात्यातून जातो.

गाडी घेऊन जाताना डिकीत मूळ जॅक, पाना, स्टेपनी, दुसरी चावी, कंपनीचं माहितीपुस्तक आणि ती शंभर पानी वही ठेवा. एखादा मूळ भाग बसवायचा राहिला असेल, समजा हवेच्या फिल्टरचा डबा, तर तोही कागदात गुंडाळून द्या. तुमच्या माळ्यावर तो धूळ खाईल, त्याच्या कामाला येईल. महिन्याभराने परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून पाहा. मालकाच्या रकान्यात तुमच्या नावाची अक्षरं दिसली तर त्याला फोन करा, आणि नवी अक्षरं दिसेपर्यंत दर आठवड्याला करत राहा.